एअर घेतीया

गेला पावसाळा सरता सरता आमची मारुती आठशे उभ्या उभ्या धापा टाकायला लागली. धावताना काही नाही. पन्हाळ्याचा चढ ती पूर्वीच्याच जिद्दीने चढायची, हायवेवर सत्तरच्या पुढे गेली तरी आवाजात फरक नाही. पण ताराराणी चौकातल्या सिग्नलला ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की इंजिन खाली बसायचं, दचकून वर यायचं, पुन्हा बसायचं. गिअरचा दांडा थरथरायचा. डॅशबोर्डवरचा गणपती मान हलवायचा. आरशात मागची केएमटीची बस एकाची दोन दिसायची. सिग्नल हिरवा होऊन गाडी पुढे काढली की सगळं पूर्ववत. मेकॅनिककडे न्यावी तर तिथवर जाईपर्यंत तिने अंगणातल्या लेकरासारखं शहाणं वागावं, असा तो प्रकार.

गाडी वडिलांची. नव्वदच्या दशकातली, कार्ब्युरेटरवाली, तीन सिलिंडरची, ७९६ सीसीची. या मॉडेलची पहिली चावी १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत इंदिरा गांधींच्या हातून दिली गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत किती बापांनी आपापल्या मुलींना तिच्यावर गाडी शिकवली असेल, याची मोजदाद कुणी केलेली नाही. तीन सिलिंडरच्या इंजिनाला उभं असताना थोडी थरथर जन्मतःच असते. आठशेवाल्याच्या तळहाताला आणि पाठीला ती इतकी सवयीची झालेली असते की थरथर संपून दुखणं कुठे सुरू झालं, हे ध्यानात यायला वेळ लागतो.

गाडी बिघडली की सल्ला फुकट मिळतो. शेजारच्यांनी पेट्रोलला दोष दिला: हल्ली वीस टक्के इथेनॉल घालतात, जुन्या गाड्यांना ते मानवत नाही. त्यात तथ्य आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरवर मिश्रण थोडं विरळ होतंच. पण ते विरळ व्हायचं तर चढावरही व्हायला हवं, केवळ सिग्नलला का? भावाचं म्हणणं प्लग. प्लग काढले, घासले, घातले. एका गॅरेजात कार्ब्युरेटर उघडून धुऊन दिला आणि शेवटी स्क्रू पिळून रेसिंग वाढवलं. रेसिंग वाढवलं की इंजिन बसायचं थांबतं, गिऱ्हाईक पैसे देतं, आणि दुखणं जिथल्या तिथे राहतं. जुन्या गाडीवर होणारा हा सगळ्यात सर्रास अन्याय आहे, असं माझं मत. ताप उतरवायला थर्मामीटर झटकण्यातलाच प्रकार तो, पण पावतीवर त्याला ट्युनिंग म्हणतात.

शेवटी गाडी उद्यमनगरात नेली. शिवाजी उद्यमनगराच्या गल्ल्यांतून चालताना कोल्हापूरचं एक वेगळंच अंग दिसतं. तांबडा-पांढरा आणि पैलवानकीपुरतं कोल्हापूर ठाऊक असलेल्यांना ते सहसा माहीत नसतं. लेथवर पोलादाची निळसर साल सुटत असते, कुठे ओतकामाचे पॅटर्न रचून ठेवलेले, कुठे ऑइल इंजिनाचा फ्लायव्हील भिंतीला टेकून उभा. इथे आणि पुढे शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून इंजिनाच्या सुट्या भागांचं ओतकाम देशभर जातं. ज्या गल्लीत इंजिनाचे अवयव जन्माला येतात, त्या गल्लीत इंजिनाचं दुखणं ओळखणारा माणूस असणार, एवढा माझा साधा विश्वास.

मिस्त्री साठीचे. त्यांची धाकटी मुलगी आमच्या शाळेत होती. मी तिला विज्ञान शिकवलं, म्हणून मी त्यांची 'बाई'. मी त्यांना मामा म्हणते. उद्यमनगरात वयाने मोठ्या मिस्त्रीला दुसरं काही म्हणायची पद्धतच नाही. मामांनी बॉनेट उघडलं, पण आत हात घातला नाही. इंजिन चालू ठेवून नुसते उभे राहिले, मान किंचित तिरकी करून.

"बाई, आत बसा. चोक वाईच वडा बघू."

मी चोकचा बटणदांडा अर्धा बोट ओढला. इंजिनची धाप थांबली. सलग, एकसुरी चालायला लागलं.

"आता सोडा."

सोडला, पुन्हा वर-खाली.

"पेट्रोल कमी न्हाई, हवा जास्त हाय," मामा म्हणाले. "एअर घेतीया गाडी. कुठनं तरी चोरून."

चोक ओढणं म्हणजे कार्ब्युरेटरच्या तोंडावर पाखा धरून हवा अडवणं आणि पेट्रोलचा वाटा वाढवणं. त्याने दुखणं शमलं, याचा अर्थ मिश्रणात हवा प्रमाणाबाहेर होती. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. कार्ब्युरेटर प्रामाणिक असतो. त्याच्या गळ्यातून जेवढी हवा गेली, तेवढ्याच हिशेबाने तो पेट्रोल सोडतो. पण त्याच्या पलीकडून, त्याला न विचारता, आणखी हवा आत शिरली तर त्याला कळणार कसं? शाळेत मी कितीदा फळ्यावर पिस्टनची चित्रं काढली आहेत. त्या चित्रांत हवा नेहमी दारातूनच आत यायची.

मामांनी भिंतीवरच्या खिळ्याची रबरी नळी काढली. गॅसच्या शेगडीला असते तसली, हातभर लांब. एक टोक कानात धरलं आणि दुसरं इंजिनावरून सावकाश फिरवायला लागले. फॅनचा, बेल्टचा, टॅपेटचा सगळा गलका त्या नळीत गाळला जातो आणि तोंडासमोरचा आवाज तेवढा कानात येतो. कार्ब्युरेटरच्या बुडापासून ते मॅनिफोल्डवर आले. मॅनिफोल्ड म्हणजे कार्ब्युरेटर आणि सिलिंडर हेड यांच्यामधला ॲल्युमिनियमचा फाटे फुटलेला नळ. प्रत्येक सिलिंडरला मिश्रण वाटून देणारा. हेडला तो जिथे चिकटतो त्या सांध्यावरून नळी सरकत सरकत एका कोपऱ्यात थांबली. मामांनी नळीचं टोक माझ्याकडे केलं.

मी कानाला लावली. बारीक, सलग 'सूऽऽ'. कुकरच्या शिट्टीआधी येतो तसला आवाज, पण उलटा वाटणारा; वाफ बाहेर टाकणारा नव्हे, आत ओढून घेणारा. नळी बोटभर सरकवली की गायब, परत आणली की हजर. खात्रीसाठी मामांनी तेलाच्या कुप्पीतून इंजिन ऑइलचे दोन थेंब नेमके त्या सांध्यावर सोडले. थेंब तिथे थांबलेच नाहीत. फटीने ते गिळले, क्षणभर इंजिन सावरलं, आणि मागे सायलेन्सरमधून निळसर धुराचा एक झुबका आला. काही जण यासाठी पेट्रोल शिंपडतात, नाहीतर स्प्रेचा डबा मारतात. तापलेल्या एक्झॉस्टपासून हातभर अंतरावर तो उद्योग करणाऱ्याला मी तरी माझी गाडी देणार नाही.

घरी येऊन मी कागदावर ढोबळ हिशेब मांडला. शिकवण्याची खोड जात नाही. आयडलिंगला इंजिन मिनिटाला सुमारे ९०० फेरे घेतं. फोर-स्ट्रोक असल्याने दर दोन फेऱ्यांना एकदा पोट भरतं. थ्रॉटल जवळजवळ बंद, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये हवा पातळ, बाहेरच्या दाबाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. म्हणजे इंजिनाला मिनिटाला लागणारी हवा सव्वाशे लिटरच्या आतबाहेर. आता सांध्याची फट घ्या: वहीच्या कागदाहूनही पातळ, ०.०५ मिलिमीटर, आणि सहा सेंटिमीटर लांब. क्षेत्रफळ झालं तीन चौरस मिलिमीटर. एवढ्याशा वाटेने मिनिटाला वीसेक लिटर हवा आत जाऊ शकते. सहावा हिस्सा! तोही सगळ्या सिलिंडरांत सारखा वाटून नव्हे. फट ज्या फाट्याशी असेल त्याच सिलिंडरच्या माथी. त्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडते, पण पेटावं एवढं पेट्रोल नसतं. तिघांतला एक उपाशी राहिला की उरलेल्या दोघांनी गाडी कितीशी ओढावी?

तेच इंजिन पन्हाळ्याच्या चढावर पाहा. पाय खाली दाबलेला, थ्रॉटल उघडा, आतबाहेरचा दाब जवळपास सारखा. फटीतून शिरायला हवेला मुळी कारणच उरत नाही. शिवाय इंजिन मिनिटाला हजार-दीड हजार लिटर हवा गिळत असतं. त्यात कुठून चार-पाच लिटर आले तरी कोण विचारतो? म्हणून गाडी धावताना ठणठणीत आणि थांबली की आजारी. ओझं उतरलं, काम संपलं, श्वास हलका झाला, की बारीकशी फटदेखील मोठी होते.

आणि तो 'सूऽऽ'. फटीच्या बाहेरचा दाब आतल्या दाबाच्या जवळजवळ दुप्पट झाला की अरुंद वाटेतली हवा ध्वनीचा वेग गाठायला बघते. आयडलिंगला हे प्रमाण दुपटीच्याही पुढे असतं. म्हणजे त्या दिवशी मी कानाला नळी लावून ऐकत होते ते सेकंदाला तीनशे मीटरच्या घरातल्या वेगाने आत घुसणारं वारं असणार. उद्यमनगरात, चहाच्या टपरीसमोर, माझ्या वडिलांच्या गाडीत. हे कळल्यावर मला एकटीलाच घरात हसू आलं.

मॅनिफोल्डमधल्या ओढीचं मापही गेजवर घेता येतं. पुस्तकं सांगतात, निरोगी इंजिनाची सुई आयडलिंगला पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांवर स्थिर असावी. पण ते समुद्रसपाटीचं गणित झालं. दर हजार फुटांना एक इंच वजा करायचा. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या वर, म्हणजे जवळपास दोन इंच कमी. मुंबईहून आलेला शिकाऊ मेकॅनिक आमच्याकडच्या धडधाकट गाड्यांना आजारी ठरवायचा, असा एक किस्सा मामा रंगवून सांगतात. खरा असेल-नसेल, पण घडण्यासारखा आहे.

त्या दिवशी काम झालं नाही. "गरम इंजिनावर नट आवळायचं न्हाई. ठेवून जावा." मला वाटलं, हात भाजू नये म्हणून. कारण त्याहून खोल आहे. मॅनिफोल्डची पट्टी ॲल्युमिनियमची, तिला आवळून धरणारे स्टड पोलादाचे. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. सेंटिमीटरभर जाडीची पट्टी ऐंशी अंशांनी तापली तर स्टडपेक्षा ती सुमारे नऊ मायक्रॉन जास्त वाढते. केसाचा आठवा-नववा भाग. तेवढ्याने मधलं पॅकिंग दाबलं जातं. इंजिन निवलं की पट्टी मूळ जाडीवर येते, पण दबलेलं पॅकिंग पुरतं उसळून येत नाही. असं रोज. सकाळी शाळा, दुपारी घर, संध्याकाळी मंडई, दर खेपेला तापणं आणि निवणं. पंचवीस वर्षं. कुणी नट फिरवला नाही, कुणाची चूक नाही, तरी सांधा सैल.

इथे एक गोष्ट मान्य करायला मला स्वतःला वेळ लागला, विज्ञानाची पदवी असूनही. घट्ट आवळलेला बोल्ट म्हणजे नुसता जागेवर बसलेला खिळा नव्हे. तो ताणलेला असतो. बाराच्या पान्याचा, आठ मिलिमीटर जाडीचा पोलादी बोल्ट नीट आवळला की तीन सेंटिमीटर लांबीत चार-पाच शतांश मिलिमीटर लांब होतो आणि पूर्ववत व्हायच्या हट्टाने दोन्ही भागांना एकमेकांवर खेचून धरतो. सगळी पकड या एवढ्याशा ताणातून येते. पॅकिंग दोन शतांश मिलिमीटर बसलं की ताण अर्ध्यावर येतो. डोळ्यांना नट होता तिथेच दिसतो. रंगाची रेघ मारलेली असेल तर ती रेघही हललेली नसते.

ताण उतरला की मग थरथरीचं फावतं. गेर्हार्ड युंकर नावाच्या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिलं की बोल्ट उभ्या हादऱ्यांपेक्षा आडव्या सरकण्याने सुटतात. जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे किंचित जरी घसरायला लागले, तरी त्या घसरण्यात आट्यांमधलं घर्षण क्षणभर निसटतं, आणि आट्यांचा उतार व बोल्टचाच ताण मिळून नटाला उलटा फिरवतात. जो ताण पकडून ठेवतो तोच सोडवायला लागतो. युंकरच्या चाचणीत साध्या स्प्रिंग वायसरनी फारसा दम धरला नाही, हेही दिसून आलं आहे. मी मामांना हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, "आसंल" म्हणाले, आणि डब्यातून नवे स्प्रिंग वायसर मोजून काढले. पन्नास वर्षांच्या हाताला एका शोधनिबंधाने हलवावं, अशी माझीही अपेक्षा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर काम. एअर क्लीनरचा काळा गोल डबा काढून बाजूला ठेवला, तोंडात काही पडू नये म्हणून कार्ब्युरेटरवर स्वच्छ चिंधी घातली. वरचे नट दिसतात, तिथवर पाना जातो. खालचे दिसत नाहीत. मामांनी डाव्या हाताची बोटं मॅनिफोल्डखाली सरकवली आणि नजर समोरच्या कॅलेंडरवर लावली. शाहू महाराजांचं चित्र होतं त्यावर. डोळे तिकडे, बोटं इकडे. तर्जनीने नट शोधला, मधल्या बोटाने वायसर चाचपला, मग रिंग पान्याचं तोंड बोटाच्याच वाटेने आत नेऊन नटावर बसवलं. बसल्याचा बारीक 'टक्' आवाज झाला तशी नजर कॅलेंडरवरून हलली.

"ह्यो बघा." पाना काढून त्यांनी तो नट नुसत्या बोटांनी फिरवला. फिरला.

बाकीचे तेवढे सैल नव्हते, पण घट्टही नव्हते. एक मात्र भलताच घट्ट: पाना लावून सोडवायला गेले तर नटाबरोबर अख्खा स्टडच हेडमधून बाहेर यायला लागला. कधीतरी कुणीतरी गळती थांबवायला म्हणून एकाच नटावर सगळा राग काढला होता. सैल नटाने गाडी धापा टाकते. जादा आवळलेल्याने ॲल्युमिनियमचे आटे जातात, आणि मग हेडमध्ये पोलादी तारेची गुंडाळी बसवून नवे आटे करून घेण्यापर्यंत मजल जाते. मला विचाराल तर गाड्यांचं जास्त वाटोळं सैलपणाने नव्हे, या हौशी ताकदीने केलेलं आहे. आपल्याकडे जोर लावणं म्हणजेच काम चोख करणं, असा समज फार.

आमचं नशीब, आटे शाबूत होते. मामांनी स्टडवर दोन नट चढवले, एकमेकांवर पक्के आवळले, आणि आतल्या नटाला पाना लावून स्टड अलगद काढला. आटे रॉकेलने धुतले, कोरडे पुसले. मी विचारलं, तेल लावत नाही? "न्हाई. तेल लावलं की हाताला कळत न्हाई किती आवळलंय." हे तंतोतंत खरं आहे. पान्यावर लावलेल्या जोरापैकी सुमारे नव्वद टक्के घर्षणातच जातो, निम्मा नटाच्या बुडाखाली, बाकीचा आट्यांत. बोल्ट ताणायला उरतात ते जेमतेम दहा टक्के. तेलाने घर्षण कमी झालं की त्याच जोरात बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. मी हे वाचून शिकले. मामांना त्यांच्या उस्तादाने बहुधा कानफटात देऊन शिकवलं असावं.

जुनं पॅकिंग काढायचं की तेच ठेवून आवळायचं, यावर थोडा खल झाला. पॅकिंग वाळून पापडासारखं झालेलं. मामांनी पितळी पट्टीने ते सोलून काढलं. पोलादी पट्टी ॲल्युमिनियमला ओरखडे पाडते, आणि तो ओरखडा म्हणजे हवेला नवी वाट. नवं पॅकिंग कोरडंच घातलं, वर कसला लेप नाही. लेप थापणाऱ्यांविषयी मामांचं मत छापण्यासारखं नाही.

मग आवळणं. हे बघायला मी मुद्दाम थांबले. आधी सगळे नट बोटांनी बसवले. मग मधला. मग त्याच्या डावीकडचा, उजवीकडचा, असं आळीपाळीने बाहेर बाहेर जात. पहिल्या फेरीत नुसतं टेकवणं, दुसरीत अर्धा जोर, तिसरीत पुरता. एका टोकापासून सुरू केलं तर पट्टी दुसऱ्या टोकाला उचलली जाते, मधे फुगवटा राहतो, आणि पुढे कितीही आवळलं तरी तो जात नाही. तिसऱ्या फेरीला मामांनी पाना दांड्याच्या टोकाला न धरता मधोमध धरला. लांब दांडा हाताला फसवतो. आखूड धरला की किती जोर लागतोय ते मनगटाला कळतं. आठ मिलिमीटरच्या अशा बोल्टला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर पुरे. पंधरा सेंटिमीटरवर धरलेल्या पान्याला २० न्यूटन-मीटरसाठी तेरा-चौदा किलोचा जोर लागतो. म्हणजे मनगट आणि कोपर, खांदा नाही. मामांचा खांदा खरंच हलला नाही. शेवटच्या अष्टमांश फेऱ्याला श्वास रोखून त्यांनी पाना सावकाश ओढला, आणि जिथे थांबायचं तिथे थांबले. त्यानंतर 'अजून थोडं' नाही.

त्यांच्या कपाटात टॉर्क रेंच आहे; लाल मखमलीच्या डबीत. तो फक्त हेड बोल्टसाठी निघतो. हातावर एवढा भरवसा योग्य का, यावर मी त्यांच्याशी वाद घालू शकले असते. पण यंत्रशास्त्राची जी हँडबुकं आहेत त्यांत एक गमतीदार आकडा असतो: नुसत्या हाताच्या अंदाजाने आवळलं तर बोल्टच्या ताणात ३५ टक्क्यांपर्यंत चूक होते, आणि टॉर्क रेंचने २५ टक्क्यांपर्यंत. कारण तेच, घर्षण. रेंच जोर मोजतो, ताण मोजत नाही. दोघांमधला फरक दहा टक्क्यांचा. तरी मी रेंचच्या बाजूची आहे. हाताला म्हातारपण येतं, भांडण झालेलं असतं, जेवायची वेळ टळलेली असते.

गाडी सुरू केली. तोपर्यंत आधीच्या गॅरेजात वाढवलेलं रेसिंग कुणाच्या लक्षात नव्हतं. इंजिन भलतंच वर जाऊन ओरडायला लागलं. मामांनी स्क्रू मागे घेत घेत ते खाली आणलं. आठशेच्या साध्या मॉडेलला फेरे दाखवणारं मीटर नसतं. त्यांनी ते कानानेच लावलं. नळी पुन्हा सांध्यावरून फिरवली, माझ्याही कानाला लावली. 'सूऽऽ' नव्हता. त्याऐवजी आत वाल्व्हची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

"धा-पंधरा दिस फिरवा. मग थंड गाडी घिऊन या, एकदा हात फिरवाय पायजे." नवं पॅकिंगही तापून-निवून थोडं बसतंच, म्हणून ही दुसरी फेरी. बहुतेक लोक त्यासाठी परत येत नाहीत, गाडी चालतेय तर कशाला, असं म्हणतात. मी गेले. दोन नटांनी जरासा फेर घेतला. बाकीचे हलले नाहीत. मामांनी त्याचे पैसे घेतले नाहीत, चहा मात्र माझ्या पैशाने झाला.

आम्ही चहा घेत असतानाच एक तरुण मुलगा पाच-सहा वर्षांपूर्वीची गाडी घेऊन आला. त्याच्या हातात मोबाइल, मोबाइलला स्कॅनर जोडलेला, पडद्यावर कोड: पी ०१७१. मिश्रण विरळ. आजच्या गाडीत सेन्सर असतो. एक्झॉस्टमधला उरलेला ऑक्सिजन हुंगून संगणक पेट्रोल वाढवत राहतो आणि बारीक गळती महिनोन्महिने पोटात घालतो. अगदीच हाताबाहेर गेली की दिवा लावतो. दिवा आजार सांगतो, जागा सांगत नाही. मुलाने इंटरनेटवर पाहून ऑक्सिजन सेन्सर बदलायचं ठरवलं होतं. चांगला महाग असतो तो.

मामांनी पडद्याकडे बघितलं नाही. खिळ्यावरची नळी काढली. थोड्या वेळाने म्हणाले, "सेन्सर राहू दे. हितं ये, आयक."

त्या गाडीचं मॅनिफोल्ड काळ्या प्लास्टिकचं; नायलॉनमध्ये काचेचे तंतू घातलेलं. सांध्याला कागदी पॅकिंग नाही, खाचेत बसवलेली रबरी रिंग. बोल्टच्या भोकांत धातूच्या नळ्या बसवलेल्या, म्हणजे बोल्ट नळीवर आवळला जातो, प्लास्टिकवर नाही. अशा सांध्याला जोर ॲल्युमिनियमच्या निम्म्याहूनही कमी लागतो, आठ-दहा न्यूटन-मीटर. मुलगा म्हणाला, "मामा, जरा जोरात आवळा की, परत यायला नको."

मामा उठले, आत गेले, आणि कपाटातून लाल मखमलीची डबी घेऊन आले.

"कळंना झालंय का तुला? प्लास्टिक हाय त्ये," त्यांनी रेंचवरचा आकडा फिरवत म्हटलं. "आनि बाई, तुमचा चहा निवतोय."